प्लेटिंगच्या जुन्या शेडखालची माती: उकरायची की जागेवरच सुधारायची?

भांडुप-अंधेरीकडची प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवायची) शेड पाडून इमारत उभी करायची ठरली की मालक विचारतात, रसायनं मुरलेली माती पोकलेन लावून उचलू का? मी उलट विचारतो, तळघर किती खोल? पार्किंगसाठी पाच-सहा मीटर खणणारच असाल तर वरच्या मातीचा वाद मिटला, उकरा. फक्त ती राडारोड्याच्या डंपरमधून कुणाच्या तरी भरणीत जाता कामा नये. चाचणीत घातक ठरली तर तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच, प्रत्येक गाडीसोबत मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुठून कुठे गेला याचा कागद. खर्च तिथंच फुगतो. आणि काम मेअखेर उरका. उघड्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं की ते नाल्यात सोडता येत नाही, तेही तुमच्याच गळ्यात.

पण प्लेटिंगच्या जागेत खरं दुखणं खाली असतं. एका ठिकाणी बोअरमधून बेलर (नमुन्याचं पाणी काढायची नळी) वर काढला तर पाणी लिंबू सरबतासारखं पिवळं. मालक म्हणाले, "गंजाचं असेल." ते हेक्झाव्हॅलंट क्रोमियम होतं, क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, डोळ्याला पिवळं दिसायला लागतं ते त्याच्या कितीतरी पट झाल्यावर. जोडीला भागांवरचं तेल-ग्रीस धुवायचं सॉल्व्हंट, ट्रायक्लोरोइथिलीन. ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, मुरूम ओलांडून काळ्या पाषाणाच्या फटींत उतरतं. तिथं पोकलेन काय करणार?

पंप लावून पाणी उपसणं, शुद्ध करणं सगळ्यांना पटतं, कारण काम चाललेलं दिसतं. आकडेही सुरुवातीला झपाट्यानं उतरतात. पंप बंद केला की फटींतलं पुन्हा पाझरतं. शेजारच्या सोसायटीच्या बोअरकडे निघालेलं पाणी अडवायला उत्तम, जागा साफ करायला मात्र वर्षानुवर्षं.

जागेवर उपचार करायचे तर औषध नीट निवडा. सॉल्व्हंट मोडायला परमँगनेट सुचवणारे भेटतील. सॉल्व्हंट मोडतंही, पण मातीत शांत बसलेलं, कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोमियम त्यानं पुन्हा हेक्झाव्हॅलंट होऊ शकतं. अशा मिश्र जागेत माझा कल साखर कारखान्यातल्या मळीकडे. पातळ करून बोअरमध्ये सोडली की जिवाणू ऑक्सिजन संपवतात, क्रोमियम ट्रायव्हॅलंट होऊन मातीला चिकटतं, सॉल्व्हंटमधला क्लोरीन एकेक करून सुटतो. मात्र हे मध्येच अडलं तर व्हायनिल क्लोराइड उरतं, आणि ते मूळ सॉल्व्हंटपेक्षाही वाईट. म्हणून निदान दोन पावसाळे नमुने काढत राहायची तयारी हवी. बिल्डरला इथंच घाम फुटतो.

(नुसतं डिझेलचं गॅरेज असेल तर एवढं कुटाणं नको. डिझेल पाण्यावर तरंगतं. ते काढून घ्या, मातीत हवा खेळवा, बाकीचं बरंचसं जिवाणू खातात.)

वरून काँक्रीट ओतून मोकळं होणं सगळ्यात स्वस्त. क्रोमियमपर्यंत पाऊस पोचत नाही हे खरं, पण सॉल्व्हंटची वाफ फरशीच्या भेगांतून तळमजल्यावर येते. हाच मार्ग धरणार असाल तर स्लॅबखाली छिद्रांचे पाइप आणि वाफ गच्चीवर सोडणारा पंखा नकाशातच दाखवा. खाली दवाखान्याला गाळा देणार असाल तर हा मार्ग मी सुचवणार नाही.