‘आपले सरकार’ पोर्टल: मुदत पाळली, पण काम झाले का?
महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मुळे विवाह नोंदणीसारख्या सेवांना मुदत ठरली आणि ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज कुठवर आला हे घरबसल्या कळू लागले, ही मोठीच सोय आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपये दंडही होऊ शकतो. मात्र मुदतीत सेवा दिली काय किंवा कारण नोंदवून अर्ज फेटाळला काय, कायद्याचे पालन दोन्हींत होते. म्हणून केवळ ‘निकाली’ अर्जांच्या आकड्यावरून कामगिरी मोजणे मला अपुरे वाटते. आमच्या नगरपरिषदेने असाच एक अर्ज फेटाळताना ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढाच शेरा मारला. नेमका कोणता कागद हवा, ते लिहिलेच नाही. फेटाळलेल्या अर्जांची संख्या आणि कारणे कार्यालयनिहाय जाहीर व्हायलाच हवीत.