जळगावातल्या बँडवाल्या हॉलचा पास : आठ महिने वापरून

ऑक्टोबरात पास काढला तेव्हाच बायको म्हणाली होती, पंधराशेत घरी बरा स्पीकर आला असता. हॉल म्हणजे एमआयडीसीकडचं जुनं गोडाऊन, महिन्याला एक बँड, सगळी गाणी त्यांची स्वतःची. पास आठ शोंचा, म्हणजे शोमागे १८७ रुपये ५० पैसे, दारावर ३००. आता लिहायला बसलो कारण मे महिन्याचा शो उन्हामुळे रद्द झाला आणि पैसे मागितले तर हातात कोल्ड कॉफीचं कूपन दिलं. त्यावर येतो, आधी कूलर.

स्टेजच्या डाव्या अंगाला लग्नाच्या मांडवात लावतात तसला जंबो कूलर आहे. पहिल्या शोला गाणाऱ्याचा एक शब्द कळला नाही, तर मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की कूलरने वाट लावली. मग डिसेंबरात कूलर बंद, स्वेटर घालून बसलो, तरी शब्द नाहीच! साउंडच्या मिक्सरवरच्या पोराला विचारलं तर म्हणे, काका, दोष छताच्या पत्र्याचा आहे, आवाज त्यावर आपटून घुमतो. ड्रमला माइक लावलेलाच नाही, एवढ्याशा जागेत तो तसाच कानठळ्या बसवतो, त्याच्यावर गाणाऱ्याचा आवाज काढायला माइक वाढवला की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, त्याने काडीचा फरक नव्हता. फेब्रुवारीत मागच्या भिंतीला आणि वर पत्र्याखाली जुन्या गोधड्या टांगल्या, खऱ्या, कुणाच्या तरी आजीच्या असाव्यात, एकीला अजून डांबरगोळीचा वास येत होता. आधी टाळी वाजवली की पत्र्यावरून परत यायची, आता येत नाही, आणि शब्द कळतात. म्हणजे आधी लोकांना जे सांगितलं ते मागे घेतो.

पण मार्चमध्ये कूलर परत सुरू झाला आणि गिटारवाला नेमका त्याच्या तोंडाशी. गार वाऱ्याने तार आखडते, सूर चढतो. संथ गाण्याला आवाज नको म्हणून कूलर बंद करायचे, की दिव्यांच्या गरमीने तार सैल पडून सूर उतरतो. बिचारा सारखा खाली वाकून ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) बघतोय, १४ गाण्यांत ९ वेळा, मी मोजलं. कूलर चार फूट सरकवा म्हणून मी तीन वेळा सांगितलंय. पाण्याचा पाइप पुरत नाही म्हणे! पाइप मीटरवर मिळतो हो, मी आणून देतो.

कानाचं बघा मात्र. स्पीकरजवळ फोनच्या अ‍ॅपवर १०२ डेसिबल दिसले, आणि कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या हिशोबाने १०० डेसिबलला दिवसाची मर्यादा १५ मिनिटांची आहे. मेडिकलमधून ३० रुपयांचे फोमचे बोळे घ्या, सहा शो चालले.

जानेवारीचा शो सगळ्यात भारी, धुळ्याची पोरं अहिराणीत गायली. आमच्या शेजारचे भाऊ बँड म्हटल्यावर वरातीचा समजून आले होते, दोन गाणी तोंड वाकडं करून बसले आणि तिसऱ्याला उठून थेट स्टेजपुढे, पोरांना ओरडून विचारतायत, काय करी ऱ्हायना भो! त्या दिवशी भरीत-पुरी पण होती, ८० रुपये, हिरव्या वांग्याचं. दर हिवाळ्यात ठेवा.

आता कूपन. मालकाशी भांडलो, तेव्हा त्याने हिशोब उघडून दाखवला, तिकिटाचा पैसा बँडच्या रेल्वेत आणि लॉजमध्येच संपतो, असल्या जागा खाण्यापिण्यावर तगतात, इथे बार नाही म्हणून कोल्ड कॉफी १२० ला. मुंबईत लोअर परळचा ब्लू फ्रॉग, बँड वाजायचे तो क्लब, एवढा नावाजलेला, तोही २०१६ ला बंद झालाच, मी तिथे एकदा गेलो होतो, एका रात्रीत इथल्या दोन पासचे पैसे उडाले होते. त्यामुळे राग जरा निवळला, पण १८७.५० च्या बदल्यात १२० ची कॉफी हे गणित मला अजून पटलेलं नाही. वरचे ६७.५० कुठे गेले विचारलं तर हसला.

नवा पास घेतला नाही, सुटं तिकीट काढून जाईन, उजवीकडच्या खुर्च्यांवर. कूपनची मुदत ३० जून आहे आणि जूनच्या शोची तारीख अजून लागलेली नाही.