सात महिने, दहा पिवळे ठोकळे आणि तबेल्यातली चटई

रात्री दोनला आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, पुढून ‘कडाड’ असा आवाज झाला आणि माझी उशीकडची बाजू खाली गेली. बायको म्हणाली, “अरे, अस्वल असेल.” अस्वल नव्हतं. अस्वल परवडलं असतं.

जागा होती युनियन बे नावाचं कॅम्पग्राउंड, म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या पार वरच्या भागात, लेक सुपीरियरच्या काठावर. डेट्रॉइटकडून मॅकिनॉ पूल ओलांडून गेलं की गाडीत दहा तास मोडतात. संध्याकाळभर पाऊस लागून राहिला होता. टॉर्च घेऊन बाहेर आलो तर पुढच्या जॅकखाली, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक तोलून धरणाऱ्या पायाखाली, ठेवलेल्या दोन पिवळ्या प्लॅस्टिक ठोकळ्यांपैकी वरचा मधोमध तडकलेला आणि खालचा लाल चिकणमातीत दोन बोटं रुतलेला. कोकणातल्या मातीसारखा रंग, तसाच चिकटपणा. त्या चिखलात चड्डीवर गुडघे टेकून मी जॅक फिरवत बसलो, तेव्हाच हा अनुभव लिहायचा ठरवला.

ठोकळे कुठले ते सांगत नाही. एकात एक बसणारे, मुलांच्या खेळण्यातल्या विटांसारखे, दहाचा गठ्ठा, वर कापडी पट्टा. ट्रेलर सपाट उभा राहावा म्हणून चाकांखाली आणि जॅकखाली घालायचे; ज्यांच्याकडे ट्रेलर आहे त्यांच्याकडे हे असतातच. मी एप्रिलमध्ये घेतले, चाळीसेक डॉलरना.

कंपनीला मेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं: पावतीचा फोटो पाठवा आणि ठोकळ्याच्या खालच्या बाजूला कोरलेल्या नंबरचा फोटो पाठवा. खालच्या बाजूला कोरलेला नंबर! ती बाजू मातीने लिंपलेली होती. खरवडून, धुऊन फोटो पाठवला. मग निकाल आला: वापर चुकीचा झाला आहे, ठोकळे कठीण आणि सपाट जमिनीवरच ठेवावेत, सोबत पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सूट. अहो, जमीन कठीण आणि सपाट असती तर ठोकळे कशाला घेतले असते?

आता त्या खालच्या बाजूबद्दल बोलतो, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. ठोकळा वरून भरीव दिसतो, पण उलटा केला की आत नुसती जाळी. एका ठोकळ्याला छत्तीस खण. मोजले आहेत. दहा ठोकळ्यांचे तीनशे साठ. त्यातल्या प्रत्येक खणात खडी, पाइनच्या सुया, ओली वाळू आणि चिखल जाऊन बसतो. निघायच्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या आत जागा सोडायची असते, आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन खण कोरत बसलेला असतो. लेक मिशिगनच्या काठावरच्या लडिंग्टनच्या वाळूत एकदा ते तसेच डिकीत टाकले, तर पुढचे दोन आठवडे डिकी समुद्रकिनारा झाली होती. घरी आंघोळीच्या टबमध्ये धुतले त्याची हकीकत सांगत नाही. प्लॅस्टिक वाचवायला जाळी करतात हे मला कळतं. पण तळाला एक पातळ पत्रा चिकटवला असता तर किती पैसे गेले असते?

आणि ती जाळी नुसती घाण धरत नाही, रुततेही. माझ्या ट्रेलरचं पुढचं वजन सहाशे पौंडांच्या आसपास आहे. जॅकचा गोल पाय सहा इंचांचा, म्हणजे अठ्ठावीस चौरस इंच, म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर एकवीस पौंड. साडेआठ बाय साडेआठचा ठोकळा खाली घातला की हा आकडा आठवर यायला हवा. कागदावर येतो. जमिनीला मात्र आधी फक्त जाळीच्या कडा टेकतात आणि त्या शंकरपाळ्याच्या कातण्यासारख्या माती कापत खाली जातात. खडीवर उलटं होतं: एखाद-दुसऱ्या दगडावर सगळा भार येतो, मधला भाग वाकतो आणि तडकतो.

इथपर्यंतचं जुलैत खरडून ठेवलं होतं. आता ऑक्टोबर आहे, ट्रेलर हिवाळ्यासाठी झाकून ठेवलाय, डोकंही जरा थंड झालंय. त्यामुळे थोडं मागे घेतो.

चाकांखाली हे ठोकळे चांगले आहेत. उलट त्या कामाला यांच्याइतकं सोयीचं काही नाही. चाकांची जागा गाड्या जाऊन जाऊन दाबलेली असते, आणि उंची एकेका इंचाने वाढवता येते. माझ्या ट्रेलरची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून साधारण ऐंशी इंच दूर आहेत, त्यामुळे एक अंशाचा उतार म्हणजे जवळजवळ दीड इंच. कॅम्पग्राउंडवर बहुतेक वेळा एक-दोन अंशांचाच प्रश्न असतो. दोन अॅक्सल, म्हणजे चाकांच्या दोन जोड्या, असतील तर खाली गेलेल्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली सारखेच थर घाला, आणि टायर ठोकळ्याच्या कडेबाहेर लोंबता कामा नये.

पातळीचा एवढा आग्रह कशाला, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. आमचा फ्रिज जुन्या पद्धतीचा आहे, गॅसवरही चालणारा. त्यात पंप नसतो. अमोनिया आणि पाणी आपल्या वजनाने नळ्यांतून उतरतात, त्यामुळे ट्रेलर फार कलला तर ते तुंबतं, फ्रिज गार होत नाही आणि बराच वेळ तसाच चालला तर कायमचा बिघडतो. नवीन बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरवाल्या फ्रिजला एवढं सोवळं लागत नाही. आमच्याकडे पाणपातळी, म्हणजे गवंड्याकडची बुडबुड्याची नळी, आहे, फोनमध्ये ॲप आहे, पण खरी परीक्षा तव्यावर होते. पीठ मधोमध ओतलं आणि धिरडं डावीकडे निघालं की आतून हाक येते, “अरे, एक ठोकळा अजून!” ॲपपेक्षा धिरडं जास्त अचूक आहे, हे मी पैजेवर सांगतो.

पुढच्या जॅकसाठी मात्र प्लॅस्टिक नाहीच. ही अक्कल मला जूनमध्येच येऊ शकली असती, कारण तेव्हा सासरे सांगलीहून आले होते. बाबांचं आयुष्य साखर कारखान्यात फिटर म्हणून गेलं. भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या करताना चाकामागे दगड आणि दांडीखाली लाकडाचा टेकू, हे त्यांनी हजारदा पाहिलेलं. पिवळे ठोकळे हातात घेऊन, उलटे करून, पुन्हा सरळ करून ते म्हणाले, “जावईबापू, एवढे पैसे दिलेत, तर आत माल का नाही?” मी हसण्यावारी नेलं.

त्याच ट्रिपला माझी दुसरी चूक त्यांनीच पकडली. चारी कोपऱ्यांखालचे, कात्रीसारखे उघडणारे जॅक मी ड्रिल मशीन लावून करकचून वर चढवत असे; वाटायचं, जितकं घट्ट तितकं स्थिर. दार मात्र लागेना. मी कुलपात तेल घालत बसलो होतो. बाबा खाली वाकून बघून आले आणि म्हणाले, “कुलूप ठीक आहे. तुम्ही गाडीच पिळलीय.” खरंच होतं. ते जॅक ट्रेलर उचलायला नसतातच, नुसते टेकवायला असतात. आधी चाकांखाली ठोकळे घालून डावं-उजवं जुळवायचं, मग चाकं अडवायची, मग गाडीपासून सोडवून पुढच्या जॅकने पुढचं-मागचं, आणि सगळ्यात शेवटी कोपरे: जमिनीला टेकले की वर थोडाच ताण. दार तेव्हापासून गुण्यागोविंदाने लागतं.

कोपऱ्यांखालीही काहीतरी घालाच. रुतू नये एवढ्यासाठीच नाही; कात्री जितकी कमी उघडेल तितकी ती कमी डुलते. खाली चार इंचांचा आधार दिला तर फरक चालताना कळतो. उन्हाळ्यात डांबरी जागेवर तर हवाच, नाहीतर जॅकचे पाय तापलेल्या डांबरात ठसे उमटवतात आणि रखवालदार तोंड वाकडं करतो.

तर जुलैच्या रागात मी दुकानातून ‘टू बाय टेन’ची आठ फुटी फळी आणली. ती दोन बाय दहा नसतेच, दीड बाय सव्वानऊ असते. लाकडाच्या धंद्यातला हा जगमान्य खोटेपणा आहे. फूटभराचे तुकडे केले आणि दोन तुकडे एकावर एक आडवे-उभे स्क्रूने जोडले, म्हणजे जॅकच्या पायाखाली रेषेवर फाटत नाहीत. खर्च वीसेक डॉलर. हे लाकूड रसायन मुरवलेलं आहे, त्यामुळे तुटका तुकडा शेकोटीत टाकू नका, धूर विषारी असतो.

त्याखाली रबर. तयार रबरी पॅड मिळतात, जॅकच्या पायाला कायमचे बसणारे रबरी बूटही मिळतात, पण किंमत बघून मी पान बंद केलं. शेतीच्या दुकानात घोड्यांच्या तबेल्यात अंथरायची चटई मिळते: चार बाय सहा फूट, पाऊण इंच जाड, वजन शंभर पौंड. पंचावन्न डॉलरला चोवीस चौकोनी पॅड! कापायला मात्र अख्खा शनिवार गेला. युक्ती एवढीच की खाली फळी सरकवून चटई वाकवायची, म्हणजे चीर उघडी राहते, आणि पात्यावर साबणाचं पाणी मारत राहायचं. पहिले दोन महिने गॅरेजमध्ये टायरच्या दुकानासारखा वास होता आणि मी पैसे वाया घालवले असं घरात मत होतं. माझंही होतं. आता वास गेला, मतही बदललं. तळ सपाट आहे. उचला, झटका, टाका. कोरणं नाही.

रबर आणि त्यावर लाकूड, एवढ्यावर सप्टेंबरमध्ये पुन्हा युनियन बेला गेलो, तीच माती, पाऊसही आला. जॅक हलला नाही. डुलणं मात्र थोडं होतंच, ते दोन चाकांच्या मध्ये बसवून फिरवून घट्ट करायच्या अडसरांनी थांबलं. रात्री थंडीत टायर आकसतात, सकाळी एक पीळ अजून द्यावा लागतो.

कंपनीची ती सूट डिसेंबरपर्यंत चालेल. घेणार नाही. नऊ ठोकळे चाकांखाली पुढच्या वर्षीही असतील, आणि त्यातल्या एकाच्या कोपऱ्यातल्या खणात युनियन बेची लाल माती अजून आहे. गाडी धुवायच्या फवाऱ्यानेही निघाली नाही.