व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये टेंट लावून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचा प्लॅन करत असाल आणि कुणी तुम्हाला "व्हॅलीच्या आत एक रात्र टेंटमध्ये, पहाटे वाइल्डलाइफ वॉक" असं पॅकेज देत असेल तर पैसे पाठवू नका. आमचे गेले. माणशी 18,000 आणि वरून परमिटच्या नावाखाली अजून. ऑर्गनायझरचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रार चालू आहे, पण पद्धत सांगते, कारण हीच पद्धत दुसऱ्या नावाने दुसरे लोक पण वापरतायत.

माणूस आपल्याकडचाच. सह्याद्रीत ट्रेक घेऊन जातो, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, जूनमधले काजव्यांचे कॅम्प वगैरे. आमच्यातल्या दोघी आधी त्याच्याबरोबर जाऊन आलेल्या, तेव्हा सगळं व्यवस्थित होतं, बस वेळेवर, पोहे वेळेवर, परत सोडलं ते पण घराजवळ. म्हणून त्याने हिमालयाची बॅच काढली तेव्हा ग्रुपवर लगेच हात वर झाले. पोस्टर एकदम भारी, सगळीकडे गुलाबी निळी फुलं, कोपऱ्यात हिमबिबट्याचा फोटो, खाली "स्नो लेपर्ड झोनमध्ये मुक्काम" आणि "ब्रह्मकमळ दर्शन". बॅच जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली, गर्दी कमी असते म्हणे.

आता त्या पोस्टरवर काय काय खोटं होतं ते बघा, कारण हे सगळं घरबसल्या तपासता येतं आणि कोणी तपासत नाही.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे 1982 पासून नॅशनल पार्क आहे, 2005 ला नंदादेवीबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. आत मुक्काम करायला अजिबात परवानगी नाही, कुणालाच नाही, टेंट सोडाच, तुम्हाला संध्याकाळी पाचच्या आत गेटबाहेर यावं लागतं. पार्क झाल्यावर तिथल्या गावच्या लोकांची गुरं-मेंढ्या चारायला नेणं सुद्धा बंद झालं, तर पुण्यानाशकाच्या बॅचला टेंट कोण लावू देणार? पण आपल्याला सह्याद्रीची सवय, गडावर गेलं की तंबू टाकायचा, त्यामुळे ही लाइन वाचून कुणाला खटकत नाही आणि हे त्याला बरोब्बर माहीत होतं. व्हॅलीत घोडे पण जात नाहीत, चालतच जायचं. घोडे पुलना ते घांघरिया (व्हॅलीच्या खालचं मुक्कामाचं गाव) आणि पुढे हेमकुंड साहिब गुरुद्वाराच्या चढाला.

हिमबिबट्याचं तर विचारू नका. आहे तो त्या भागात, पण उन्हाळ्या-पावसाळ्यात तो वर उंच कड्यांमध्ये असतो, थंडीत खाली येतो, आणि थंडीत ही व्हॅली बंद असते, 1 जूनला उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते. ज्यांना खरंच बघायचाय ते फेब्रुवारी-मार्चमध्ये लडाखला नाहीतर स्पितीत किब्बरला जातात आणि तिथेही दुर्बीण लावून दिवसभर बसतात. फुलांचा बहर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य. जूनमध्ये तिथे फुलं शोधणं म्हणजे मे महिन्यात कासला जाण्यासारखं. ब्रह्मकमळ तर अजून उशिरा, ते पण मुख्यतः हेमकुंडच्या बाजूला वर. म्हणजे ऑगस्टचे फोटो लावून जूनची बॅच विकली.

पैसे कसे काढले ते पण सांगते. आधी निम्मा अ‍ॅडव्हान्स. मग काही दिवसांनी मेसेज, "ताई फॉरेस्टचं स्पेशल नाइट परमिट लॉक करायचंय, माणशी 3,500, आज रात्रीपर्यंत, स्लॉट मोजकेच आहेत". मग अजून 500 यात्रा रजिस्ट्रेशनचे. हे रजिस्ट्रेशन उत्तराखंड सरकारच्या साइटवर आम्ही गेलो तेव्हा फुकट होतं, पाच मिनिटांत होतं, साइटचा पत्ता शेवटी युके डॉट गव्ह डॉट इन असा असतो तेवढं बघायचं. यूपीआय नंबर प्रत्येक वेळी वेगळा, नावं वेगळी, एकदा बाईचं नाव आलं तर म्हणे "मिसेसचं अकाउंट आहे, माझं लिमिट संपलंय".

परमिटची पीडीएफ आली, वर राजमुद्रा, खाली शिक्का आणि क्यूआर कोड. माझ्या आडनावात चूक होती म्हणून कळवलं तर दहा मिनिटांत दुरुस्त करून नवीन पीडीएफ पाठवली. सरकारी परमिट, दहा मिनिटांत, रात्री साडेदहाला! तेव्हा आमच्यातल्या एकीने क्यूआर स्कॅन केला तर गूगल ड्राइव्हवरचा त्याच पीडीएफचा फोटो उघडला. तिने विचारलं, तो म्हणाला सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, आणि तोवर 100 टक्के पैसे भरून झालेले, तिकिटं काढून झालेली.

ऋषिकेशपासून गोविंदघाट म्हणजे अख्खा दिवस गाडीत, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, जोशीमठ. तो स्वतः आलाच नाही, "दुसऱ्या बॅचबरोबर अडकलोय". ऋषिकेशचा एक पोरगा लीडर म्हणून पाठवला, वीस-बावीसचा असेल, त्याला टेंटबद्दल काहीच माहीत नव्हतं, त्याला सांगितलेलं फक्त लोकांना घांघरियाला ने आणि आण. त्याचे पैसे पण दिले नव्हते हे आम्हाला परत येताना कळलं. गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत शेअर जीप, तिथून साधारण दहा किलोमीटर चढ. आम्ही पोचेपर्यंत अंधार पडायला आलेला, पाय गेलेले, आणि हॉटेलवाला म्हणतो बुकिंग आहे पण एक रुपया आलेला नाही, रोख द्या नाहीतर रूम नाही. ऑर्गनायझरचा फोन बंद. नेटवर्क आहे-नाही असं. आम्ही काढले पैसे, काय करणार. हॉटेलवाल्याची पण काय चूक, त्याला हा माणूस आधी एकदा बुडवून गेलेला.

सकाळी व्हॅलीच्या चेकपोस्टवर ती पीडीएफ दाखवली. तिथल्या गार्डने बघितली, मग आतल्या दुसऱ्याला बोलावून दाखवली, आणि म्हणाला, "मैडम ये किसने दिया? पर्ची तो हम यहीं काटते हैं." शे-दोनशेच्या घरातली पावती, तीन दिवस चालते. टेंट म्हंटल्यावर तो हसला नाही, उलट चिडला, म्हणाला दर सीझनला एखादा ग्रुप असा येतो आणि आमच्याशी भांडतो. आमच्यातल्या एका काकांनी खरंच भांडायला सुरुवात केली होती, त्यांना आवरलं.

आत गेलो. वाटेत बर्फाचे पट्टे, त्यावरून घसरत जायचं, बर्फ वितळलं होतं तिथे प्रिम्युलाची जांभळी फुलं, बाकी हिरवळ नुकती उगवत होती. लांब उतारावर मोनाल पक्ष्याचा नर दिसला, ऊन पडल्यावर त्याचा रंग काय चमकतो, फोटोत येतच नाही. जागा अफाट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या नणंदबाई खास फुलांसाठी आल्या होत्या, गुडघ्याचा त्रास सांभाळत, पुन्हा तेवढा चढ चढणं त्यांना होणार नाही, त्यांना मी अजून पण जुलैचे फोटो दाखवत नाही.

स्वतः गेलात तर घांघरियाला गढवाल मंडल विकास निगमचं गेस्ट हाऊस आहे, सरकारी साइटवरून बुक होतं, साधी हॉटेलं आहेत, गुरुद्वारात राहायची सोय आहे. आमच्या निम्म्या पैशात झालं असतं. फक्त घांघरियाला रोख घेऊन जा.

आता परत आल्यावरचं. ग्रुपवर विचारलं तर उत्तर, "ताई फॉरेस्टचे रूल अचानक चेंज झाले, आपल्या हातात नाही". अचानक म्हणे! मग आम्हाला ग्रुपमधून काढलं, आणि त्याआधी जुने मेसेज एकेक करून डिलीट केलेले. नशिबाने परमिटवाले मेसेज एका मैत्रिणीने क्यूआरच्या भानगडीनंतर लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, आज सगळी केस त्याच्यावर उभी आहे. तुमच्या बाबतीत असं काही झालं तर ग्रुपवर आवाज करायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करा, पेमेंटचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक) लिहून ठेवा, पोस्टर सेव्ह करा, मग भांडा.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंद झाली, पण एवढे दिवस झाल्यावर पैसे अकाउंटमधून पुढे गेलेले असतात, तिथे तासाभरात फोन गेला तर उपयोग. पोलीस चौकीत सांगितलं की ट्रिप तर झाली ना, मग हे ग्राहक मंचाचं काम. ट्रिप झाली म्हणून फसवणूक नाही हे लॉजिक मला कळलं नाही, पण खोट्या सरकारी परमिटची प्रिंट पुढे ठेवल्यावर त्यांचा सूर थोडा बदलला, अर्ज घेतला. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, तिथून नोटीस गेली. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगात जाता येतं आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील पण सक्तीचा नाही. नोटीस गेल्यावर त्याने परमिटचे 3,500 परत केले, तेही फक्त ज्यांच्याकडे स्क्रीनशॉट होते त्यांना. बाकीच्यासाठी आयोगात तक्रार टाकलीय.

तो मात्र थांबलेला नाही. नवीन नावाने ग्रुप काढलाय, पुढच्या जूनचं पोस्टर परवाच फिरत फिरत माझ्याकडे आलं आणि त्यात घांघरियाच्या पुलावरचा आमचाच ग्रुप फोटो आहे, खाली "आमचे समाधानी ट्रेकर्स". निळ्या जॅकेटमधली मी आहे. ते पोस्टर तुमच्याकडे आलं असेल आणि अ‍ॅडव्हान्स भरला असेल तर मला मेसेज करा, तक्रारीत अजून नावं जोडता येतील.