द ऑर्डिनरीचं लाल पील: गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी घ्यावं का?

'द ऑर्डिनरी' या ब्रँडचं 'एएचए ३०% + बीएचए २% पीलिंग सोल्यूशन' म्हणजे ३० मिलीच्या बाटलीतलं, त्वचेचा वरचा मृत थर काढणारं गडद लाल द्रावण. ग्लायकॉलिक, लॅक्टिक वगैरे आम्लं (एएचए) मिळून ३० टक्के, शिवाय २ टक्के सॅलिसिलिक (बीएचए). पीएच (आकडा जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्लयुक्त) साधारण ३.६. लाल चेहऱ्यांचे फोटो खूप फिरले, पण बघायचे ते हे आकडे.

घरगुती वापराच्या उत्पादनांत ग्लायकॉलिक-लॅक्टिकचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असावं आणि पीएच ३.५ च्या खाली जाऊ नये, असं अमेरिकेच्या कॉस्मेटिक इन्ग्रेडिएंट रिव्ह्यू या तज्ज्ञ समितीचं मत आहे. ३० टक्के ही त्यांनी प्रशिक्षित माणसाने थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकण्यासाठी ठेवलेली मर्यादा. त्यामुळे टोनर समजून रोज लावायची ही वस्तू नव्हे.

संध्याकाळीच लावा. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेत आम्ल जास्त आणि असमान झिरपतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. सर्वांत जास्त भाजतं ते नाकाच्या कडेच्या घडीत, कारण द्रावण तिथे साचून राहतं. बोटांनी पातळ, एकसारखा थर लावा आणि लगेच टायमर लावा. कंपनी १० मिनिटं सांगते, पण ती कमाल मर्यादा आहे. पहिल्या वेळी २-३ मिनिटं पुरेत. त्रास झाला नाही तर पुढच्या आठवड्यात एखादं मिनिट वाढवा. हलकं चुरचुरणं अपेक्षित आहे. आग होऊ लागली तर वेळ संपायची वाट न बघता धुवा. कोमट पाण्याने लाल रंग पूर्ण जाईपर्यंत धुवायचं, घासायचं नाही. त्यानंतर फक्त साधं मॉइश्चरायझर.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत खरा धोका साल निघण्याचा नाही, डागांचा आहे. जास्त वेळ ठेवल्याने त्वचा भाजली की दाह होतो, दाहाने त्वचेला रंग देणारं मेलॅनिन वाढतं आणि जो डाग घालवायला पील घेतलं त्याहून काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणूनच एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन रोज लावणं जमणार नसेल तर ही बाटली घेऊच नका. एप्रिल-मेच्या उन्हात सुरुवात तर नकोच.

रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या गटातली, त्वचेवर लावायची औषधं) चालू असेल तर काही दिवस आधी थांबवा. थ्रेडिंग, वॅक्सिंग केलेल्या जागी लगेच लावू नका. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, गरोदरपण, ॲस्पिरिनची ॲलर्जी, अंगावरचा एक्झिमा यांपैकी काही असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

निस्तेज, खरखरीत त्वचा, ब्लॅकहेड्स आणि पिंपल्सचे उथळ डाग यांवर काम चांगलं होतं. पहिल्या धुण्यानंतरच त्वचा मऊ लागते. मुरुमांचे खड्डे भरत नाहीत, खोल वांगही जात नाही. त्यासाठी क्लिनिकमधले उपचारच हवेत. तिथे ग्लायकॉलिक पील सोडियम बायकार्बोनेटने वेळेवर निष्प्रभ करतात आणि त्वचेकडे सतत कुणाचं तरी लक्ष असतं.

चेहरा चकाकतोय पण ताणल्यासारखा वाटतोय, साधं क्रीमही झोंबतंय, तर त्वचेचा संरक्षक थर दुखावलाय. मग सगळी आम्लं बंद, किमान दोन-तीन आठवडे.

आधी कधीच आम्ल वापरलं नसेल तर ५ ते १० टक्क्यांच्या मॅन्डेलिक किंवा लॅक्टिक आम्लापासून सुरुवात करा. ते सोसवणाऱ्यांनी हे पील आठवड्यातून एकदा जरूर वापरावं.