बहुरूपी क्लास, नऊ महिन्यांनंतर: अस्वल गप्प बसतं तेव्हा

मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालवते, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याच्या एका बैठकीला सेशन म्हणतात. चौदाव्या सेशनला माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. माझा भाचा एक तास वीस मिनिटं एक अक्षरही बोलला नव्हता. रुसला नव्हता, की फोनमध्ये डोकं घालूनही बसला नव्हता. खेळात तो अस्वल होता: त्याचं पात्र बहुरूपी, म्हणजे प्राण्यांची रूपं घेणारं. बाकीची पार्टी, म्हणजे साथीदारांची टोळी, दरबारात ओलिसांच्या सुटकेची बोलणी करत होती. आदल्या झटापटीत त्याने रूप घेतलं होतं, आणि ते सोडलं तर पुढच्या विश्रांतीपर्यंत दुसरं मिळणार नव्हतं, म्हणून तो ते जपून होता. माझ्या नियमांत एक ओळ होती: ‘रूपात असताना बोलता येत नाही.’ निघताना पात्राचं शीट मिटत त्याने विचारलं, "मावशी, पुढच्या वेळी मी फायटर आणू का?"

फायटर म्हणजे साधा लढवय्या. बहुरूपी हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, मी चार महिने खपून लिहिला होता. त्या रात्री मला झोप आली नाही. आता एकतीस सेशन झाली आहेत, पार्टी दुसऱ्या लेव्हलवरून नवव्या लेव्हलला पोचली आहे आणि तो अजून बहुरूपीच खेळतो आहे. मधल्या काळात काय काय बदललं ते लिहिते.

आधी, मुळात हा खटाटोप का केला. खेळाच्या पाचव्या एडिशनचा 2014 चा ड्रुइड, म्हणजे प्राण्याचं रूप घेणारा पुस्तकातला क्लास, ज्यांनी चालवला आहे त्यांना दुसऱ्या लेव्हलचं गणित माहीत आहे. कॉन्स्टिट्यूशन (अंगातला काटकपणा) 14 असलेल्या ड्रुइडचे स्वतःचे हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) 17. ‘सर्कल ऑफ द मून’ ही ड्रुइडची शाखा घेतली की तपकिरी अस्वल होता येतं, त्याचे 34, आणि एका विश्रांतीत दोनदा. म्हणजे 85. शेजारी बसलेल्या फायटरचे, कॉन्स्टिट्यूशन 16 धरून, 22. अस्वलाचे दोन वार लागले तर सरासरी 19 डॅमेज, फायटरच्या मोठ्या तलवारीचं 10. फायटरवाल्याने करायचं काय? आणि पाचव्या लेव्हलला चित्र नेमकं उलटं होतं. फायटरला दुसरा वार मिळतो, ड्रुइडचं अस्वल तेच राहतं, कारण सीआर 2 चे (सीआर म्हणजे प्राण्याच्या ताकदीची पायरी) प्राणी सहाव्या लेव्हलशिवाय उघडत नाहीत. असा करवतीच्या दात्यांसारखा वरखाली जाणारा क्लास मला माझ्या टेबलावर नको होता. शिवाय प्रत्येक रूपाला स्टॅट ब्लॉक, म्हणजे प्राण्याच्या आकड्यांचा तक्ता, शोधायचा. आमच्याकडे पुस्तक एकच. एकजण पानं उलटतो, चारजण बघत बसतात.

2024 च्या नियमांनी यातलं बरंच सावरलं. रूपं ठरावीक झाली, दुसऱ्या लेव्हलला चार. प्राण्याचे हिट पॉइंट मिळणं बंद झालं, आपलेच राहतात, वर लेव्हलइतके टेम्पररी (तात्पुरते, आधी खर्ची पडणारे) हिट पॉइंट, मूनवाल्याला तिप्पट. पण वार आणि ताकद अजून प्राण्याचीच, म्हणजे स्टॅट ब्लॉक हातात हवाच.

जुन्या नियमांत डोकावलं तर सगळी भानगड एकाच प्रश्नाभोवती फिरते: आकडे प्राण्याचे की माणसाचे? 1978 च्या पुस्तकात सातव्या लेव्हलच्या ड्रुइडला दिवसातून तीन रूपं, एक सरपटणारं, एक पक्षी, एक सस्तन, आणि बदलताना जखमाही काही प्रमाणात भरायच्या. तिसऱ्या एडिशनमध्ये ताकद आणि चपळाई प्राण्याकडून यायची. त्यामुळे लोक कॅरॅक्टर बनवताना स्वतःची ताकद मुद्दाम तळाला ठेवायचे, कारण ती वापरायचीच नसायची. 2009 च्या पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाने याला चांगला तोडगा काढला: आकडे तुमचेच, आकारानुसार त्यात भर किंवा घट. त्याच वर्षी चौथ्या एडिशनच्या ड्रुइडला हवं तेव्हा रूप घेता यायचं, आकडे तसेच, फक्त वापरता येणारे डाव वेगळे. मला हा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो, आणि माझा पाया तोच आहे.

बहुरूपीला सुरुवातीला तीन रूपं मिळतात: धावणारं, धडकणारं, लपणारं. पाचव्या लेव्हलला उडणारं. प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर पाच ओळी: एसी (वार चुकवण्याची क्षमता), वेग, वार, एक युक्ती, आणि एक गोष्ट जी त्या रूपात जमत नाही. हिट पॉइंट स्वतःचे, वर लेव्हलच्या दुप्पट टेम्पररी. वार विझडमवर (शहाणपणाच्या आकड्यावर), आणि पाचव्या लेव्हलला दोन वार, फायटरसारखेच. दिसायचं कसं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. धडकणारं रूप अस्वल असो, रानडुक्कर असो की गवा, आकडे बदलत नाहीत. करवतीचे दाते पहिल्याच महिन्यात गेले आणि नऊ महिन्यांत एकदाही परतले नाहीत. या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे.

कार्डं वहीच्या जुन्या पुठ्ठ्यांची आहेत. पेन्सिलीने लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. क्लास वापरायला कुणाला नवीन पुस्तक घ्यावं लागू नये असा माझा हट्ट होता. वार आणि वेग ताडून बघायला लागले तेवढे प्राणी मी एसआरडी 5.1 मधून, म्हणजे पाचव्या एडिशनच्या नियमांच्या मोफत दस्तऐवजातून, घेतले. जानेवारी 2023 पासून तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, श्रेय दिलं की कुणालाही वापरता येतो. क्लास लिहायला बसलेल्यांनी आधी तो उतरवून घ्यावा. दुकानाकडे नंतर वळावं, वळायचंच असेल तर.

कपडे आणि हत्यारं रूपात विरघळतात. यावर लोक पानभर नियम लिहितात, मी एक ओळ लिहिली आणि कधी अडलं नाही.

आता बोलण्याकडे. मला माहीत आहे की क्लासच्या सहा पानांत ही एक ओळ आहे आणि मी अर्धा लेख तिच्यावर घालवणार आहे. पण नऊ महिन्यांत हिने जेवढा त्रास दिला तेवढा बाकीच्या सगळ्या नियमांनी मिळून दिला नाही.

माझा मूळ विचार साधा होता. ताकदीची किंमत हवी. रूपात मंत्र नाहीत, बोलणं नाही, ही किंमत. 2014 च्या पुस्तकातला ड्रुइडही बोलत नाही, कारण प्राण्याच्या तोंडाला जे जमतं तेवढंच त्याला जमतं. मंत्रांच्या बाबतीत हे बरोबर बसलं. आधी टाकलेल्या मंत्रावरची एकाग्रता रूप घेतल्यावर टिकते हे मी पुस्तकातूनच उचललं, त्यामुळे मंत्र लावून मग रूप घ्यायचं असे छान बेत तो आखायचा. पण बोलणं ही मंत्रासारखी गोष्ट नाही. टेबलावर आपण बसतो ते बोलायला. फासे मधूनमधून पडतात, बाकीचे तीन तास तोंडाचाच खेळ असतो. मी कॅरॅक्टरची जीभ काढून घेतली असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात काढली ती खेळणाऱ्याची. आणि माझा भाचा मुळातच मितभाषी. त्याला गप्प बसायला नियमाचा आधार मिळाला, तो बसला.

म्हणून पंधराव्या सेशनला मी ओळ खोडली आणि लिहिलं: ‘सर्व रूपांत बोलता येतं.’ तीन सेशन हे चाललं आणि हे आधीपेक्षा वाईट होतं. अस्वल पहारेकऱ्याशी हुज्जत घालायला लागलं. लपणारं रूप, म्हणजे उंदीर, फटीतून आत जाऊन कैद्याशी गप्पा मारून यायला लागला. रोगवाली (रोग म्हणजे चोर-हेर पात्र) दर वेळी मागे पडली, कारण तिचं चोरून ऐकणं आणि थापा मारून आत शिरणं, दोन्ही उंदराने नेलं. सर्वांत वाईट म्हणजे रूप हा नुसता अंगरखा झाला. अस्वल झाल्यावर काही बदलतच नव्हतं, मग अस्वल व्हायचं कशाला? त्या तीन आठवड्यांत मी हा क्लास बंद करून त्याला पुस्तकातला ड्रुइड द्यायच्या बेतात होते. परीक्षण तेव्हा लिहिलं असतं तर दोन ओळींत संपलं असतं: करू नका.

वाट निघाली ती पॅलाडिनवालीमुळे (पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा). अठराव्या सेशनच्या आधी मी बोलण्यावरची बंदी परत आणली होती. पुलापाशी अस्वल थांबलं, पंजाने फळी खरवडली. ती सहज म्हणाली, "तो म्हणतोय, खाली कुणीतरी आहे." भाच्याला हे म्हणायचं नव्हतं, फळी कुजकी आहे एवढंच त्याला दाखवायचं होतं, हे त्याने नंतर सांगितलं. पण त्या क्षणी त्याने तिच्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. मी माझी टिपणं बाजूला सारली आणि पुलाखाली ओगर, म्हणजे एक राक्षस, ठेवला. सगळं टेबल पुढे सरकून बसलं.

तिथून ‘दुभाष्या’चा नियम झाला. रूपातलं पात्र बोलत नाही. खेळणारा मात्र आपण काय करतो ते मोकळेपणाने सांगतो: नाक वर करतो, दाराकडे पाठ फिरवतो, गुरगुरतो. साथीदारांपैकी एकजण त्या सेशनपुरता दुभाष्या. तो जो अर्थ लावेल तो खरा धरायचा, खेळणाऱ्याने कार्ड पालथं घातलं तरच खोटा. खरा धरलेला अर्थ गोष्टीत उतरवणं हे माझं काम. दुभाष्या दर सेशनला बदलतो.

या एका बदलाने भाचा बोलायला लागला. शब्द दुसऱ्याचे असतात म्हणूनच कदाचित. आपण नेमकं काय म्हणायचं ही धास्ती गेली आणि काय करायचं एवढंच उरलं, आणि तिथे तो आमच्या सगळ्यांपेक्षा सरस आहे. एकविसाव्या सेशनला त्याने मेलेल्या घोड्याशेजारी नुसतं आडवं होऊन राहिल्याचं सांगितलं. त्या दिवशी रोगवाली दुभाष्या होती. तिला अर्थ सांगायला बराच वेळ लागला. मग ती म्हणाली, "तो म्हणतोय, आज इथून हलायचं नाही." आम्ही हललो नाही.

हाच धडा उडणाऱ्या रूपाला लागू पडला. पुस्तकात 2014 पासून उडणारी रूपं आठव्या लेव्हलला येतात. मी पाचव्याला दिली आणि पहिल्याच खेपेला वीस मिनिटं तो एकटा किल्ल्यावरून घिरट्या घालत होता, मी त्याला तटबंदी वर्णन करून सांगत होते, बाकी चौघं फासे रचून मनोरे करत होते. आता हेरगिरीला एकच फासा टाकायचा. पाखरू परत आलं की बाकीच्यांनी मिळून तीन प्रश्न विचारायचे आणि मी खरी उत्तरं द्यायची. फासा वाईट पडला तर दोनच. काय विचारायचं यावर त्यांची जी खलबतं होतात ती माझ्या तटबंदीच्या वर्णनापेक्षा कितीतरी ऐकण्यासारखी असतात.

त्रुटी आहेत. लढाईत दुभाष्या चालत नाही, वेग मरतो. इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतला क्रम ठरवणारा फासा, टाकला की तो नियम बाजूला आणि पाच शब्दांपर्यंत ओरडायला सगळ्यांना मुभा, अस्वलालाही. टेम्पररी हिट पॉइंटचा घोळ सातव्या लेव्हलला उघडा पडला. ते एकावर एक चढत नाहीत, पण रूप बदललं की ताजे होतात, आणि रूप बोनस ॲक्शनने, म्हणजे पाळीतल्या जोडकृतीने, बदलतं, त्यामुळे एका लढाईत त्याने तीनदा रूप पालटून नुसती ढाल भरून घेतली. चूक माझी होती, मी चार वापर दिले होते. आता एका लढाईत टेम्पररी हिट पॉइंट पहिल्याच रूपाला मिळतात, पुढच्यांना नाही. डिस्पेल मॅजिक या जादू उतरवणाऱ्या मंत्राने रूप उतरतं का यावर विझार्डवाल्याशी चाळीस मिनिटं वाद झाला. उतरत नाही, हे मी शेवटी कार्डांवरच लिहून टाकलं. ते पहिल्या दिवशी लिहायला हवं होतं.

कुणाला वापरायचा असेल तर चार खेळाडू तरी हवेत. दोघांच्या पार्टीत एकटा दुभाष्या दमून जातो, आम्ही एका सुट्टीच्या सेशनला हे करून पाहिलं. सुरुवात तीन कार्डांवर करा, उडणारं पाचव्या लेव्हलच्या आत देऊ नका. आणि ‘जमत नाही’ ही पाचवी ओळ तुम्ही लिहू नका, खेळणाऱ्याला लिहू द्या. भाच्याच्या लपणाऱ्या रूपावर त्याने लिहिलंय: ‘उजेडात थांबवत नाही.’ मला हे सुचलं नसतं.

पुढच्या महिन्यात रोगवाली मल्टिक्लास करून, म्हणजे दुसरा क्लास जोडून, बहुरूपीची पहिली लेव्हल घेणार आहे. म्हणजे टेबलावर दोन रूपं एकदम असतील, आणि ती एकमेकांशी बोलू शकतात का, हे भाच्याने मला कालच विचारलं. मी त्याला सांगितलं, बोलू शकतात, पण ते काय बोलले ते आम्हाला दुभाष्याकडूनच कळेल. त्याने लगेच कोऱ्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहायला घेतलं आणि मला बघू दिलं नाही.