आउलबॉय: कंट्रोलरची स्टिक गेली आणि गेम नव्याने कळला

आउलबॉय हा गेम खेळताना कंट्रोलरची उजवी स्टिक आपोआप एका बाजूला सरकायला लागली आणि नायकाचा मित्र गेडी याची बंदूक भलतीकडेच रोखली जाऊ लागली. ड्रिफ्ट! सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: वॉरंटी संपली, दुरुस्ती होत नाही, नवीन घ्या. स्टिक किती वळली ते मोजणाऱ्या, तिच्याखालच्या पोटेन्शिओमीटरमधला कार्बनचा पट्टा घासला की हे होतं. तेवढा भाग बदलून द्यायला काय हरकत आहे? बाकीची सगळी बटणं ठणठणीत असताना अख्खा कंट्रोलर फेकून द्यायचा, हे मला पटत नाही. डेडझोन, म्हणजे स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजतच नाही तो भाग, वाढवून पाहिला. सरकणं थांबलं, पण बारीक नेमही गेला. नवीन घ्यायचा नव्हताच, म्हणून कीबोर्ड-माउसवर आलो.

गेम तुम्हाला माहीत असेलच. नॉर्वेच्या डी-पॅड स्टुडिओने २००७च्या सुमारास काम सुरू केलं आणि १ नोव्हेंबर २०१६ला पीसीवर आणला. एवढी वर्षं कुठे गेली ते दर पडद्यावर दिसतं. गेमचा नायक ओटस हा उडणारा घुबड-मुलगा. त्याला बोलता येत नाही, त्यामुळे त्याच्या मनातलं सगळं काही मोजक्या पिक्सेलमधून दाखवलंय. गुरू असिओ रागावतो तेव्हा त्याचे खांदे कसे पडतात, नजर कशी खाली जाते, ते बघाच.

उडण्याबद्दल लिहायचं तर, सुपर मारिओ ब्रदर्स ३मध्ये आधी धावून मीटर भरावा लागतो, मग कुठे थोडा वेळ हवेत राहता येतं. जाउस्ट या जुन्या गेममध्ये पंखांच्या प्रत्येक फडफडीला बटण. इथे तसलं काही नाही. उडी मारा, हवेत पुन्हा बटण दाबा, की ओटस उडायला लागला. दमणं नाही, मीटर नाही. प्लॅटफॉर्म गेममधली खड्ड्यात पडायची भीतीच काढून टाकली आहे. मग अवघड काय उरतं? तर पंजात धरलेला मित्र.

माझी सगळी तक्रार इथेच होती. ओटसला फटका बसला की मित्र हातून सुटतो, आणि बंदूक त्याच्याकडे असल्यामुळे ओटस ऐन बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, लढाईत रिकाम्या हाताने उरतो. कंट्रोलरवर खेळताना याचा मला मनस्वी संताप यायचा. डाव्या अंगठ्याने उडायचं, उजव्याने नेम धरायचा, त्यात मित्र सुटला की परत बोलवायचं बटण शोधायचं. उगीच छळ चाललाय असं वाटायचं.

माउसवर आल्यावर मत बदललं. नेम हवा तिथे लागतो, त्यामुळे लक्ष उडण्याकडे राहतं, आणि मग फटकाच कमी बसतो. मित्र सुटलाच तर एका बटणात परत पंजात. आता तर मी मुद्दाम सोडतो: अरुंद जागेतून एकटा गोल फिरत निसटायचं आणि पलीकडे गेल्यावर त्याला बोलवून घ्यायचं. गेडी आणि अल्फॉन्स या दोन मित्रांमधला फरकही आत्ता जाणवतो. गेडी झटपट गोळ्या सोडतो. अल्फॉन्सचा बार एकच, पण जबरदस्त, आणि नंतर थांबावं लागतं. तो थांबण्याचा वेळ नुसतं उडत काढायचा, ही मजा मला आधी मिळालीच नव्हती.

शत्रूंपासून लपत पुढे सरकायचे भाग मात्र अजूनही नकोसे वाटतात. मोकळं उडायला शिकवून मग कोपऱ्यात दबा धरून बसवणं, हे या गेमला शोभत नाही. गोष्ट शेवटी घाईत आवरल्यासारखीही वाटते. जोनाथन गीयरचं संगीत मात्र लढाई नसतानाही मी चालू ठेवून ऐकतो.

२०१८मध्ये हा गेम स्विच, पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवरही आला. तिथे घेणार असाल तर आधी आपल्या कंट्रोलरची उजवी स्टिक नीट तपासा. पीसी असेल तर सरळ पीसीवरच घ्या. आणि कधी नवीन कंट्रोलर घ्यायची वेळ आलीच, तर हॉल इफेक्ट स्टिकचा बघा. त्यात चुंबक असतो, घासला जाणारा पट्टा नसतो. माझा जुना मी ठेवलाय. ज्या गेमना उजवी स्टिक लागत नाही, त्यांच्यासाठी तो अजून चांगला चालतो.